संगीतसूर्यांचे नाट्यगृह आणि नगरपित्यांची जबाबदारी

कोल्हापुरात ज्या वास्तूची उभारणी राजर्षी शाहू महाराजांनी केली, जी १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ या नावाने रसिकांस खुली झाली आणि ‘ललितकलादर्श’चे संस्थापक संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव जिने पुढे धारण केले, ती वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडली. छप्पर कोसळले, रंगमंच जळून खाक झाला. काळवंडलेल्या दगडी भिंती तेवढ्या उघड्या आकाशाखाली उभ्या राहिल्या.

नाट्यगृह महानगरपालिकेच्या मालकीचे. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यापासून तेथे प्रशासकांचा अंमल असल्यामुळे, आगीच्या वेळी कलावंतांची कैफियत सभागृहात मांडावयास एकही नगरसेवक पदावर नव्हता, ही गोष्ट मला आगीइतकीच गंभीर वाटते. शासनाने पुनर्बांधणीस निधी दिला हे स्तुत्यच. परंतु अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीस ज्या नगरीने आश्रय दिला, तेथे भाडेआकारणी, ध्वनियोजना आणि विशेषतः अग्निसुरक्षा यांची देखरेख केवळ दप्तरी नोंदींत राहता कामा नये.

कोल्हापूरकर रसिकहो, अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या नगरसेवकांस नाट्यगृहाच्या वार्षिक तरतुदीविषयी अवश्य विचारा.