पाठीवरचे बिऱ्हाड
दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातील अनेक आदिवासी कुटुंबांचे बिऱ्हाड ट्रकवर चढते. भांडी, गोधड्या, कोंबड्या, मुले यांसह ती भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर उतरतात. कच्च्या विटा रचून, वर पेंढा व प्लास्टिक अंथरून झोपडी उभी राहते. उडालेले छप्पर बांधणे, जमीन सारवणे, पाणी-सरपण आणणे हे भट्टीच्या कामापलीकडचे कष्ट. हंगामापूर्वी घेतलेला बयाणा व आठवड्याची खर्ची अखेरच्या हिशेबात वजा होतात. बाकी निघाली, तर पुढचा हंगामही तिच्यापायी बांधला जातो. वस्तुतः १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीबरोबर तिच्यामागचे कर्जही रद्दबातल ठरविले आहे. वहीचे मोल व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. विटा घेताना त्याने एवढेच विचारावे : मजुराच्या हाती हिशेबाची प्रत आहे काय?