माहजोंग : खेळ राहो, जुगार जावो

चार माणसे टेबलाभोवती बसून सोंगट्यांची खडखड करीत आहेत, असे दृश्य चिनी चित्रपटांत हमखास असते. तो खेळ माहजोंग. सोंगट्या १४४, रमीप्रमाणे जुळण्या लावायच्या.

हा खेळ अडीच हजार वर्षांपूर्वी कन्फ्यूशियसने शोधला, असे १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी पसरवले. ती निव्वळ थाप! जुन्या चिनी पत्त्यांपासून हा खेळ एकोणिसाव्या शतकात घडला. ‘प्राचीन म्हणून थोर’ हा धंदा आपणांस नवा नाही. केवळ परंपरा सांगते म्हणून मानू नका, हीच कालाम सुत्तातील तथागतांची शिकवण.

सोंगट्या हाडाच्या व बांबूच्या, हाताने कोरलेल्या. मागणी वाढली तेव्हा शिकागोच्या कत्तलखान्यांतून गुरांची हाडे शांघायला जाऊ लागली. कन्फ्यूशियसचे नाव गाजले. कोरणाऱ्या कारागिरांची नावे कोणास ठाऊक?

खेळावर पैसाही लावला जाई. १९४९ नंतर चीनच्या साम्यवादी सरकारने जुगाराविरुद्ध मोहीम उघडली. सांस्कृतिक क्रांतीत तर माहजोंगवरच बंदी आली. १९९८ मध्ये मात्र तेथील क्रीडा खात्याने जुगाराविना खेळण्याचे नियम करून त्यास क्रीडाप्रकार मानले.

सिगालोवाद सुत्तात जुगार हा संपत्तीनाशाच्या सहा मार्गांपैकी एक सांगितला आहे. आपल्या वस्त्यांतही पगाराच्या रात्री डाव बसतात आणि महिनाअखेरीस मुलांच्या वह्या अडतात. बांधवांनो, पत्ते फाडा असे आम्ही म्हणत नाही. डावावरचा पैसा उचला आणि मुलांना खेळायला जवळ बसवा. जयभीम!