पडदा थिजला, सूर चालूच
सुपरकोलायडर या कोड लिहून ध्वनी घडवायच्या प्रणालीत बटण दाबावं, ते दबलेलंच राहावं, खिडकी ढिम्म हलू नये; आणि स्पीकरमधून सूर मात्र अखंड वाहत असावा. इथे बहुतेक जण संगणकाला दोष देतात, रॅम वाढवायच्या गोष्टी निघतात. पण चालू राहिलेला सूर हाच खरा पुरावा आहे. जेम्स मॅकार्टनी यांनी 1996 साली आणलेल्या या प्रणालीत आज दोन वेगळे प्रोग्रॅम चालतात: एक आपला कोड वाचून खिडक्या सांभाळतो, दुसरा नुसता ध्वनी घडवतो. थिजतो तो पहिला, आणि बऱ्याचदा आपल्याच कोडमुळे. न संपणाऱ्या लूपमध्ये ‘थांब’ लिहायचं राहिलं, की तो त्यातच गरगरत बसतो. महागडं यंत्र फार तर जास्त वेगाने गरगरेल!

पण कधी सूरही तुटतो, त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. मिलर पकेट यांच्या प्युअर डेटा या अशाच दुसऱ्या ध्वनी-प्रणालीत खिडक्या वेगळ्या असल्या, तरी संदेश आणि ध्वनी यांचा हिशेब एकाच गाभ्यात होतो. तो ध्वनीच्या 64 नमुन्यांचा एकेक घास घेतो. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या दराने एका घासाचा वेळ जेमतेम दीड मिलिसेकंद. काम सतत त्याहून लांबलं, की आवाज फाटतो. सूर नीट असून पडदाच अडखळत असेल, तर सेकंदाला शेकडो वेळा बदलणारी एखादी आकड्यांची चौकट शोधावी. ती दहादाच बदलली तरी डोळ्यांचं काही अडत नाही.