ॲनिमेशनमधील पात्ररिगिंग आणि त्याची सुवाह्यता : महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तावना :

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील एकमेकांस लागून असलेली शहरे होत. येथील विद्यार्थ्यास ॲनिमेशनच्या क्षेत्रात रोजगार शोधावयाचा झाल्यास बहुधा मुंबईच्या दिशेने लोकल पकडावी लागते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ब्लेंडरसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरवर महिनोन्महिने खपून त्याने एखादे पात्र तयार केलेले असते. स्टुडिओत माया हे सॉफ्टवेअर वापरात असेल, तर त्या पात्राचा देह पडद्यावर दिसतो. परंतु ते पूर्वीप्रमाणे हलविता येत नाही. पाहणाऱ्यास हा विद्यार्थ्याच्या कौशल्याचा दोष वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः तो दोन सॉफ्टवेअरच्या रचनेतील भेदाचा परिणाम असतो. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. या क्षेत्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढणे त्यामुळे अपेक्षित आहे. अशा वेळी हा भेद अध्यापकांनी समजून घेणे अगत्याचे ठरते.

रिगिंगचे स्वरूप :

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कळसूत्री बाहुलीत तीन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात : लाकडी अवयव, त्यांना जोडणारे सांधे आणि खेळविणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोहोचणाऱ्या दोऱ्या. संगणकावरील पात्राचे रिगिंग याच तत्त्वावर आधारलेले आहे. मात्र त्यात आणखी काही थर असतात.

पहिला थर म्हणजे हाडांचा सांगाडा. दुसरा थर स्किनिंगचा, म्हणजे देहावरील प्रत्येक बिंदू कोणत्या हाडामागे किती प्रमाणात जाईल याचे आकडे. कोपराजवळचा एखादा बिंदू दंडाच्या हाडाशी ०.६ व पुढच्या हाताच्या हाडाशी ०.४ या प्रमाणात बांधलेला असू शकतो. या प्रमाणांची बेरीज १ असावी लागते. तिसरा थर हसणे, डोळे मिटणे यांसारख्या आधीच घडविलेल्या आकारांचा. चौथा थर बंधनांचा व गणितांचा : तळवा जमिनीवर टेकला की गुडघा किती वाकेल, मूठ वळली की बोटे कशी मिटतील, हे येथे ठरते. पाचवा थर म्हणजे ॲनिमेटर प्रत्यक्ष हाताळतो ती नियंत्रके. त्यांनाच बाहुलीच्या दोऱ्या म्हणता येईल.

अडचणीचे मूळ :

या पाच थरांपैकी पहिले तीन ही मुख्यतः माहिती असते. स्थान, कोन व प्रमाण यांचे आकडे एका फाईलमधून दुसरीकडे नेता येतात. चौथा व पाचवा थर ही मात्र वर्तनाची व्याख्या असते, आणि ती त्या त्या सॉफ्टवेअरच्या अंतर्गत यंत्रणेवर अवलंबून राहते. गुडघा वाकविण्याचे गणित ब्लेंडर व माया आपापल्या पद्धतीने सोडवितात. पाऊल एकाच जागी ठेवले तरी गुडघ्याची दिशा दोहोंत सारखीच येईल याची खात्री देता येत नाही.

पहिल्या तीन थरांचे स्थानांतरही निर्वेध होत नाही. ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड अक्षाने दर्शविली जाते, तर मायामध्ये मूळ मांडणीनुसार वाय अक्षाने. ब्लेंडरचे मूळ एकक मीटर आहे, मायाचे सेंटिमीटर. या रूपांतराकडे दुर्लक्ष झाल्यास १.७ मीटर उंचीचे पात्र १.७ सेंटिमीटरचे होऊन आडवे पडलेले आढळते. ब्लेंडरमधील हाडाला आरंभ व शेवट असे दोन्ही बिंदू असतात. मायामध्ये मात्र सांधा हा केवळ एक बिंदू असून हाड म्हणजे दोन सांध्यांमधील दुवा. त्यामुळे बोटांच्या टोकाशी असलेल्या अखेरच्या हाडाची लांबी व दिशा पुष्कळदा बिघडते. स्किनिंगचे आकडे तेच राहिले, तरी ते वापरण्याची रीत बदलल्यास परिणाम बदलतो. साध्या रेषीय पद्धतीत मनगट पूर्ण उलटे फिरविल्यास ते पिळलेल्या चॉकलेटच्या वेष्टनासारखे आवळते. २००७ मध्ये मांडल्या गेलेल्या द्वि-क्वाटर्नियन पद्धतीत हा दोष टळतो.

विनिमयाची स्वरूपे :

या प्रश्नावर उपाय म्हणून फाईलची अनेक सामाईक स्वरूपे पुढे आली. एफबीएक्स हे स्वरूप मूळ कायडारा या माँट्रियलच्या कंपनीचे; ती एलियासकडे गेली आणि एलियासबरोबर २००६ मध्ये ऑटोडेस्ककडे आली. आज एफबीएक्स सर्वत्र रूढ असले, तरी ते एका कंपनीच्या मालकीचे आहे. जीएलटीएफ हे ख्रोनोस गटाचे खुले स्वरूप असून त्याची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली व २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. पिक्सारने २०१६ मध्ये यूएसडी हे स्वरूप सर्वांसाठी खुले केले. ही स्वरूपे सांगाडा, स्किनिंग, आकार व हालचाल वाहून नेतात. २०११ मध्ये आलेले अलेम्बिक मात्र सांगाडा बाजूला ठेवून देहाच्या प्रत्येक बिंदूची चौकटीगणिक जागा नोंदविते.

तेव्हा हालचाल नेता येते, तिची सूत्रे नेता येत नाहीत. सेकंदाला २४ चौकटींच्या दृश्यात प्रत्येक हाडाची २४ स्थाने नोंदवून ती दुसरीकडे नेली, तर पात्र हुबेहूब चालते. परंतु पाऊल थोडे उशिरा टाकावयाचे ठरल्यास बदल करण्यासाठी नियंत्रक हाताशी नसते.

एकाच सॉफ्टवेअरवर विसंबण्याचा धोका सॉफ्टइमेजच्या उदाहरणावरून ध्यानी येतो. ‘जुरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटातील डायनोसॉरच्या ॲनिमेशनसाठी ते वापरले गेले होते. २००८ मध्ये ते ऑटोडेस्कने विकत घेतले आणि २०१४ मध्ये त्याचा विकास थांबविण्याची घोषणा केली. त्यावर कौशल्य कमावलेल्या कलावंतांना तत्त्वे ठाऊक होती म्हणूनच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळता आले. त्यांचे तयार रिग मात्र जसेच्या तसे त्यांच्यासोबत गेले नाहीत.

पर्यायी दृष्टी :

उल्हासनगर जीन्सच्या शिवणकामासाठी प्रसिद्ध आहे. एका कारखान्याचे काम दुसऱ्याकडे द्यावयाचे झाल्यास कापडावर ठेवून आखण्याचा फर्मा आणि मापे दिली जातात. मशीन उचलून नेले जात नाही. रिगिंगमध्येही हीच दृष्टी फलदायी ठरते. ब्लेंडरमधील रिगिफाय किंवा मायासाठीचे एमगिअर ही साधने प्रथम सांध्यांची जागा दर्शविणारा एक साधा आराखडा घेतात व त्यावरून संपूर्ण रिग निर्माण करतात. आराखडा व मापे ही माहिती असल्याने ती जपता येते. नियंत्रके प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये नव्याने उभी करता येतात. सुवाह्यता शोधावयाची ती तयार रिगमध्ये नव्हे, तर त्यामागील आराखड्यात.

अध्यापनासाठी सूचना :

१. देह हलविणारी हाडे व नियंत्रणासाठीची हाडे आरंभापासून वेगळी ठेवण्याची सवय लावावी. पहिला संचच पुढे न्यावयाचा असतो.
२. हाडांची नावे सुसंगत असावीत; डावी-उजवी बाजू नावावरूनच कळावी.
३. एकक, अक्ष व मूळ उभे राहण्याची स्थिती यांची लेखी नोंद प्रकल्पासोबत जोडावी.
४. एका बिंदूवर शक्यतो चारपेक्षा अधिक हाडांचा प्रभाव ठेवू नये. अनेक गेम-प्रणाली व स्वरूपे चारांच्याच संचात काम करतात.
५. एका सत्रात तरी तेच पात्र दोन सॉफ्टवेअरमध्ये रिग करण्याचा स्वाध्याय द्यावा आणि काय गेले, काय तुटले व का, यावर गुण ठेवावेत.

पाचव्या सूचनेसाठी मोठा खर्च आवश्यक नाही. ब्लेंडर २००२ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे, तर माया पात्र विद्यार्थी व अध्यापकांना शैक्षणिक उपयोगासाठी विनामूल्य मिळते.

निष्कर्ष :

सर्व सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा चालेल असा संपूर्ण रिग आजच्या विनिमय-स्वरूपांतून साध्य होत नाही. तथापि रिगमधील माहिती कोणती व वर्तन कोणते, हा विवेक शिकविता येतो. कोणती कळ कोठे आहे एवढेच शिकलेला विद्यार्थी स्टुडिओचे सॉफ्टवेअर बदलताच नवशिका ठरतो. गुडघा का वाकतो आणि कातडी का आवळते हे ज्यास उमगले आहे, तो काही आठवड्यांत नवी साधने आत्मसात करू शकतो. बदलापूरहून निघालेल्या विद्यार्थ्यासोबत फाईल अखंड पोहोचेलच असे नाही; तिच्यामागील समज मात्र निश्चित पोहोचू शकते, आणि ती देणे हे महाविद्यालयाच्या हाती आहे.