बॅटरीवरील रॅचेट : निवड कशी कराल?

ऐन पेरणीत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये अडकला तरी वाफसा कोणासाठी थांबत नाही. म्हणून ट्रॅक्टर दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या तरुणांना बॅटरीवरील रॅचेट उपयोगी पडते. मात्र खरेदीपूर्वी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१) काम : सैल झालेले नट-बोल्ट अडचणीच्या जागेत झटपट काढणे व बसविणे, हेच या अवजाराचे काम. गंजलेला बोल्ट आधी लांब दांड्याच्या पान्याने सैल करावा. चाकाच्या नटांसाठी रॅचेट वापरू नये.

२) आकार : नेहमीच्या कामास ३/८ इंची चौकोनी टोकाचे रॅचेट निवडावे. डोके जितके लहान, तितके ते अरुंद जागेत जाते.

३) टॉर्क : असे रॅचेट साधारणपणे ४० ते ८० न्यूटन-मीटर टॉर्क देते. नेहमीच्या ८.८ प्रतीच्या ६ मि.मी. बोल्टला सुमारे १०, तर ८ मि.मी. बोल्टला सुमारे २५ न्यूटन-मीटर पुरतो. म्हणून मोठ्या आकड्याला भुलू नये. बटण हलके दाबताच सावकाश फिरणारे रॅचेट घ्यावे. अन्यथा बोल्ट तुटतो, आटे जातात. शेवटची आवळणी टॉर्क पान्यानेच करावी.

४) बॅटरी : १२ व्होल्टचे रॅचेट हलके असते. आपल्याकडे १८ व्होल्टची अवजारे असल्यास त्याच बॅटरीवर चालणारे घ्यावे, खर्च वाचतो. बॅटरी उन्हात ठेवू नये.

बोल्ट घट्ट बसताच दांडा उलट फिरतो. दांडा व इंजिन यांच्यामध्ये बोटे कधीही ठेवू नयेत.