कागदावरची सवड

नोकरी सांभाळून पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या शिक्षकाच्या संशोधनाचा प्रारंभ ग्रंथालयात होत नाही, तो प्राचार्यांच्या टेबलावर होतो. नोंदणीसाठी त्याला आपल्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. त्या प्रमाणपत्रात काय असावे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी स्पष्ट केले आहे. उमेदवारास अंशकालीन संशोधनाची अनुमती आहे. त्याच्या कामाचे स्वरूप पाहता संशोधनास पुरेसा वेळ देणे त्यास शक्य आहे. आणि आवश्यक वाटल्यास पूर्वाभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्यास कामातून मोकळे केले जाईल, असे संस्थेने लिहून द्यावयाचे असते. प्राचार्य सही करतात, लेखनिक शिक्का मारतो, जावक क्रमांक पडतो. पुढे नव्या सत्राचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागते. त्यात त्या शिक्षकाचे तास पूर्वीइतकेच असतात आणि समित्या मात्र एखाद-दुसरी वाढलेली असते.

‘पुरेसा वेळ’ या दोन शब्दांवर पुढील सहा वर्षांची इमारत उभी राहावयाची असते. परंतु ते शब्द लिहिणाऱ्याने मोजून लिहिलेले नसतात आणि वाचणारा ते तपासून वाचत नाही. नोकरी आणि संशोधन यांचा मेळ कसा घालावा, याविषयी शिक्षकांना उपदेश पुष्कळ ऐकावा लागतो. पहाटे उठावे, वेळेचे नियोजन करावे, मन खंबीर ठेवावे, असा त्याचा सारांश असतो. उपदेश वाईट नाही. तो फक्त अर्ध्या वाटेवरून सुरू होतो. अंशकालीन संशोधक थकून मध्येच थांबतो, तेव्हा त्याच्या आळसाकडे बोट दाखविणे सोपे असते. जो वेळ त्याला असल्याचे कागदोपत्री नमूद आहे तो त्याच्या हाती कधी आला होता काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

किमान आहे, कमाल नाही

पीएच.डी. ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. २०१८ च्या विनियमांनी विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीसाठी २०२१ पासून ती अनिवार्य ठरविली होती. ती अट पुढे ढकलली गेली आणि २०२३ मध्ये नेट-सेट हीच किमान पात्रता मानून पीएच.डी. ऐच्छिक करण्यात आली. पण ही ऐच्छिकता उंबरठ्यापुरतीच आहे. त्याच विनियमांनुसार सहयोगी प्राध्यापकपदावर बढती हवी असेल तर पदवी लागते, आणि उमेदवारांची छाननी करताना तिला स्वतंत्र गुण आहेत. ज्याला नोकरी टिकवावयाची आणि पुढे जावयाचे आहे, त्याला हा घाट चढल्यावाचून गत्यंतर नाही.

आता त्याच्या दिवसाकडे पाहावे. २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते, आणि त्याचा एकूण कार्यभार वर्षातील ३० आठवडे ४० तासांहून कमी असता कामा नये. या वाक्यात किमान मर्यादा आहे. कमाल मर्यादा नाही. त्या मोकळ्या बाजूने बाकीचे सर्व काम आत शिरते. प्रवेशाची गर्दी, अंतर्गत परीक्षा, उत्तरपत्रिकांची तपासणी, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, नॅकच्या समितीसाठी पाच वर्षांच्या फायली लावणे, निवडणुकीचे काम, हे सारे त्याच दिवसात बसवावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची रचना बदलली, तेव्हा वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेली टिपणेही नव्याने करावी लागली. शाळेतील शिक्षकाच्या वाट्याला याशिवाय मतदार याद्या आणि नाना तऱ्हेची सर्वेक्षणे येतात. दिवस मावळताना जे उरते त्याला वेळ म्हणणे कठीण आहे. ती वेळेची चिल्लर असते आणि चिल्लरीत प्रबंध लिहून होत नाही.

हिशेब साधा आहे. पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. समजा, एखाद्या शिक्षकाने रोज एक तास, आठवड्यातील पाच दिवस, वर्षातील ४० आठवडे संशोधनाला दिला. वर्षाला २०० तास झाले आणि सहा वर्षांत १,२००. पूर्णवेळ संशोधकाने रोज सहा तास आणि वर्षातून २०० दिवस काम केले, तर तेवढेच १,२०० तास तो एका वर्षात पुरे करतो. म्हणजे नियमाने दिलेली सहा वर्षे ही अंशकालीन संशोधकाच्या पदरी पडेपर्यंत एक वर्ष झालेली असतात. तीही घरी कोणी आजारी पडले नाही आणि परीक्षेचे वेळापत्रक मध्येच बदलले नाही तर.

भात करपतो तेव्हा

मोफत दवाखान्यात मनापासून राबणारी माणसे काही काळाने विझून का जातात, याचा विचार करताना न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ या शब्दाला शास्त्रीय लेखनात स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात या अवस्थेचे वर्णन केले. तिने ती रोगांत गणली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही म्हणजे उद्भवणारी स्थिती, अशी तिची व्याख्या केली. तिची अंगे तीन आहेत: शक्ती आटून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा वाटू लागणे आणि आपल्या हातून आता काही नीट होत नाही अशी भावना बळावणे. या व्याख्येत दोषाची जागा माणसाच्या मनात नसून कामाच्या ठिकाणी दाखविली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

भात दर वेळी जाळ मोठा झाला म्हणूनच करपतो असे नाही, हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक असते. पाणी आटले की मंद आचेवरही तो तळाला लागतो आणि वरचा थर पांढराशुभ्र दिसत असल्याने बराच वेळ कोणाला कळत नाही. शिक्षकाचे असेच होते. तो वेळेवर तासाला जातो, हजेरीपटावर सही करतो, बैठकीत मान डोलावतो. परंतु मार्गदर्शकांचा दूरध्वनी आला की तो वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहतो. प्रबंधाची फाइल महिनोन्महिने उघडली जात नाही. तासानंतर शंका विचारावयास थांबलेला विद्यार्थी, ज्याच्यासाठी या व्यवसायात पाऊल टाकले, तोच त्याला अडथळा वाटू लागतो.

याची किंमत एकटा तो मोजीत नाही. वर्गात मागील वर्षाची टिपणे पुन्हा वाचली जातात आणि साठ-सत्तर मुलांना विषय नीरस आहे असे वाटून जाते. दुसरीकडे पळवाटा तयार होतात. २०१६ च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती केली होती. २०२२ मध्ये ती काढून टाकण्यात आली. पण मधल्या काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे चांगलेच फावले. त्यांच्याकडे वळलेला प्रत्येक जण अप्रामाणिक नव्हता. पुष्कळांना मुदत होती आणि वेळ नव्हता, एवढेच.

स्त्री-शिक्षकांच्या बाबतीत नियमकर्त्यांनी सहानुभूती दाखविली आहे. त्यांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आणि एकूण मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत मिळते. ती योग्यच आहे. परंतु जिचा दिवस सकाळच्या डब्यांनी सुरू होतो आणि रात्रीच्या आवराआवरीने संपतो, तिला वर्षे वाढवून मिळाली तरी दिवसाचा तास कोणी वाढवून दिलेला नसतो. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांची अवस्था तर त्याहून बिकट. त्यांना घेतलेल्या तासांचे मानधन मिळते, सुट्टीचे मिळत नाही. एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात एस.टी.ने जाताना त्यांचे वाचन होते. अभ्यासरजेची तरतूद त्यांनी कितीही काळजीपूर्वक वाचली तरी ती त्यांच्यासाठी नसते, कारण रजा देण्यापूर्वी नोकरी द्यावी लागते.

कापरेकर आणि काणे

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. ज्याला खरी तळमळ असते तो सवड मागत बसत नाही, असे म्हणून थोरांची उदाहरणे सांगितली जातात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्यापाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुनःपुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. हा त्यांचा शोध आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंडही योगायोगाने याच १९३० ते १९६२ या अवधीत प्रसिद्ध झाले.

ही उदाहरणे वंदनीय आहेत. पण त्यांचा दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. कापरेकरांना सहामाही प्रगती अहवाल द्यावा लागत नव्हता आणि काण्यांना सहाव्या वर्षी पुनर्नोंदणीचे शुल्क भरावे लागले नाही. कापरेकरांना आकड्यांचा खेळ हाच विसावा होता. त्यांनी काम स्वतः निवडले होते आणि त्याची गतीही स्वतःच ठरविली होती. बत्तीस वर्षांच्या साधनेचे उदाहरण देऊन सहा वर्षांची मुदत घालणे आणि त्या सहा वर्षांतील तासही हिरावून घेणे, हा त्या थोरांचाही गौरव नव्हे.

काय करता येईल

शिक्षकाच्या हाती काहीच नाही, असे मात्र नाही. पहिला निर्णय विषयाच्या निवडीचा. जो विषय वर्गात शिकविला जातो किंवा ज्याची साधने आपल्या तालुक्यात, जिल्ह्याच्या दप्तरखान्यात वा जवळच्या प्रयोगशाळेत आहेत, तो विषय घेणाऱ्याचे निम्मे ओझे कमी होते. तासाची तयारी आणि प्रबंधाचे वाचन एकमेकांना पूरक ठरतात. दुसरा निर्णय कामाच्या विभागणीचा. क्षेत्रभेटी, कागदपत्रांची जमवाजमव असली सलग वेळ मागणारी कामे सुट्टीत करावी. टिपणे, संदर्भ, मसुद्याची दुरुस्ती अशी तुकड्यांनी होणारी कामे सत्रात ठेवावी. मात्र दिवाळी आणि उन्हाळा दोन्ही प्रबंधाला वाहून टाकू नयेत. आठवड्यातील एक दिवस आणि सुट्टीतील काही आठवडे घरच्या माणसांचे राहिले नाहीत, तर पदवी मिळेपर्यंत ती ज्यांना दाखवावयाची त्यांच्याशी बोलणेच तुटलेले असते. तिसरे आणि सर्वांत कठीण म्हणजे नकार. स्नेहसंमेलनाचे निमंत्रकपद हा सन्मान असेल. पण सहा वर्षे तो दुसऱ्या कोणी घेतल्याने महाविद्यालय बंद पडत नाही.

परंतु नकार देण्याचे बळ एकट्यादुकट्याने कोठून आणावे? येथेच संस्थेचे कर्तव्य सुरू होते आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ना हरकत प्रमाणपत्रासोबत त्या शिक्षकाचे वेळापत्रक जोडले जावे आणि आठवड्यातील कोणता दिवस किंवा कोणते तास संशोधनासाठी मोकळे आहेत, ते त्यावर दिसावे. विद्यापीठाने दरवर्षी संशोधकाच्या प्रगतीबरोबर या वेळेचाही अहवाल मागवावा. प्रबंधलेखनाच्या अखेरच्या वर्षी समित्यांतून पूर्ण सुटका असावी. पंचवार्षिक योजनांच्या काळात शिक्षकास पूर्ण पगारावर मोकळे करून त्याच्या जागी नेमलेल्या बदली शिक्षकाचे वेतन अनुदान आयोगाने द्यावयाचे, अशी एक सुज्ञ व्यवस्था होती. बारावी योजना २०१७ मध्ये संपली आणि योजनांचे ते पर्वही संपले. पदवीची अपेक्षा राहिली असेल, तर ती व्यवस्थाही कोणत्या तरी रूपात राहावयास हवी. तीतून एका शिक्षकाला सवड मिळते आणि दुसऱ्या बेकार पदवीधराला काम.

मूल्यांकनाच्या अहवालात ‘पीएच.डी.धारक अध्यापकांची संख्या’ असा एक रकाना असतो आणि तो भरताना प्रत्येक संस्थेला अभिमान वाटतो. त्या रकान्यातील प्रत्येक आकड्यामागे प्राचार्यांनी सही केलेला एक कागद आहे. पुढच्या वेळी तसा कागद टेबलावर येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी वेळापत्रक मागवून ‘पुरेसा वेळ’ नेमका कोणत्या वारी आणि किती वाजता आहे, एवढे पाहिले गेले, तरी पुष्कळांचे पाणी आटावयाचे वाचेल.