परक्या देशातला सण

विद्यार्थी मित्रांनो, सणाच्या दिवशी सगळे लोक आपापल्या घरी जातात. अशा वेळी दूर देशाहून आलेल्या माणसाने कोठे जावे? दक्षिण कोरियात शिकायला किंवा कामाला गेलेल्या परदेशी लोकांपुढे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. तेथील दोन सणांची ओळख करून घ्या, म्हणजे त्याचे उत्तर तुम्हांलाच मिळेल.

पहिला सण ‘चुसोक’. चांद्र वर्षातील आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला तो येतो. तुम्ही म्हणाल, ईदसुद्धा चंद्रावरूनच ठरते. खरे आहे, पण एक फरक आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून ईद कधी उन्हाळ्यात, तर कधी हिवाळ्यात येते. कोरियाच्या पंचांगात मात्र सुमारे ३ वर्षांनी एक महिना जास्त धरतात. मराठी पंचांगातही असा अधिक महिना असतो. त्यामुळे चुसोक नेहमी सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये, नवे पीक हाती येते तेव्हाच येतो.

चुसोकला ३ दिवस सुटी असते. आगगाड्या आणि रस्ते गावी जाणाऱ्या लोकांनी भरून जातात. शहरातील पुष्कळ दुकाने बंद असतात. नवख्या माणसाला वाटते, ‘सण आहे म्हणतात, पण तो दिसत कसा नाही?’ तो दिसत नाही, कारण तो घराच्या आत चाललेला असतो. सकाळी पूर्वजांच्या नावाने नव्या तांदळाचे पदार्थ व फळे मांडतात आणि वाकून वंदन करतात. त्यांत ‘सोंगप्योन’ असतेच. तांदळाच्या पिठाची ही लहानशी, अर्धचंद्रासारखी करंजी. आत तिळाचे किंवा कडधान्याचे सारण भरतात आणि पाइन वृक्षाच्या पानांवर ठेवून ती वाफवतात.

एखाद्या कोरियन मित्राने तुम्हांला या दिवशी घरी बोलावले, तर काय कराल? पादत्राणे दाराशी काढा. वस्तू देताना व घेताना दोन्ही हात पुढे करा. घरातील वडीलधारी माणसे जेवू लागल्यावरच जेवायला सुरुवात करा. एखादा पदार्थ तुम्हांला चालत नसेल, तर मित्राला आधीच सांगून ठेवा. ‘पण मलाही तसेच वाकून वंदन करावे लागेल का?’ असे तुमच्या मनात येईल. कोरियातील कित्येक ख्रिस्ती कुटुंबे वंदनाऐवजी प्रार्थना करतात. पाहुण्याने बाजूला शांत उभे राहणे, हाही आदरच आहे.

दुसरा सण ‘दानो’. तो पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येतो. पूर्व किनाऱ्यावरील गांगनुंग शहरात त्याचा मोठा उत्सव नदीकाठी भरतो. २००५ साली युनेस्कोने या उत्सवाचा गौरव केला. येथे आमंत्रण लागत नाही. देवतेला वाहण्याचे पेय तांदळापासून करतात व त्यासाठी नागरिक आपल्या घरचे तांदूळ देतात. स्त्रिया उंच झोके घेतात. वेखंडाच्या जातीची वनस्पती पाण्यात उकळून त्या पाण्याने केस धुतात. वाळूवर ‘सिरम’ नावाची कुस्ती रंगते. आपल्याकडे पाठ जमिनीला लागली की पैलवान हरतो. सिरममध्ये गुडघा टेकला तरी हार होते. येथील मुखवट्यांच्या नाटकात तर एकही शब्द नसतो. एक उमराव आणि एक तरुणी यांची ताटातूट व भेट नुसत्या हावभावांतून दाखवतात. भाषा न जाणणारा परदेशी माणूसही सर्वांबरोबर मनमुराद हसतो.

मित्रांनो, एका सणाचे दार बंद दिसते, तर दुसऱ्याचे सताड उघडे असते. उघड्या दारातून कोणीही आत जाऊ शकतो. बंद दार मात्र ओळखीने आणि आदरानेच उघडते. ते आतून कोणीतरी उघडावे लागते, हे विसरू नका. तुमच्या गावात, तुमच्या शेजारी दूरचा एखादा माणूस राहत असेल. पुढच्या सणाला त्याच्यासाठी ते दार तुम्ही उघडाल ना?